सिलिंडरखालचं पॅकिंग

हे घडलेलं आहे. पटो न पटो.

सुश्रुत माझा मावसभाऊ. खोटं बोलतो तेव्हा खूप बोलतो. हे सांगताना तो जेमतेम बोलला.

गेल्या वर्षीचा मे महिना. बाळकुममधली त्याची दुरुस्तीची शेड. भर दुपारचे अडीच.

टेबलावर झाडं कापणाऱ्या महिपतचं चेनसॉ मशीन होतं. आठ दिवसांपूर्वी वर्तकनगरात, झाडावर मशीन चालू करताना महिपतचा तोल गेला. तो जागीच संपला. त्याची बायको मालन बाहेर पायरीवर बसली होती. तिला एकच विचारायचं होतं... मशीन नीट होतं का?

लोक म्हणत होते, प्यायला असेल.

सुश्रुतला खरं माहीत होतं. ताकद वाढावी म्हणून त्यानेच सिलिंडरखालचं कागदाएवढं पॅकिंग काढून टाकलं होतं. त्यामुळे इंजिनातलं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढलं आणि मशीन चालू करायची दोरी उलटा हिसका मारू लागली. महिपत फाटलेला अंगठा दाखवायला आला होता.

"शेठ, दोरी हात ओढते."

"बांगड्या भर मग! मशीन मर्दासाठी बनवलंय मी."

आता सुश्रुतने दार आतून लावलं. नवं पॅकिंग बसवलं. प्लगच्या जागी दाब मोजायचा गेज लावला आणि सहा वेळा दोरी ओढली. काटा दीडशेवर, म्हणजे नेहमीच्या दाबावर, थांबला की तो बाईला दाखवायचा, असा त्याचा बेत. मग तिचं तोंड बंद.

काटा एकशे ऐंशीवर गेला.

"बया दारात बसली, तर गेजही बिघडला," तो पुटपुटला. सिलिंडर उघडला.

पॅकिंग... नव्हतं.

टेबलावर नाही. खालीही नाही.

दुसरं बसवलं. चारही बोल्ट आवळले. पुन्हा एकशे ऐंशी. उघडलं...

नाही.

तिसरं बसवलं. दोरीला हात लावायच्या आधीच आवाज आला.

फस्स...

दोरी जागच्या जागी होती. काटा चढत होता.

फस्स... फस्स...

आणि बाहेरून मालन हळूच म्हणाली, "हो, घेतलं."

त्याने धाडकन दार उघडलं. "कोणाशी बोलतेस गं?"

तिच्या ओंजळीत तीन पॅकिंग होती. सगळ्यात वरच्या पॅकिंगवर अंगठ्याचा तेलकट ठसा. ठशाच्या मधोमध आडवी चीर.

"ह्यांनी दिलं," ती म्हणाली. "हे काय असतं, शेठ?"

सुश्रुतने सांगितलं. सगळं.

तिने ऐकून घेतलं. झुरळाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. पॅकिंग पदराच्या गाठीत बांधली, पायरीवर थुंकली आणि निघून गेली.

मी डोंबिवलीत भौतिकशास्त्र शिकवते. तो गेज मी तपासला. चोख आहे. सुश्रुत हल्ली म्हणतो, उन्हाने डोकं फिरलं असेल. असेलही.

दाराखालची फट मी पट्टीने मोजली. तीन मिलिमीटर. पॅकिंग तेवढ्यातून सरकू शकतं.

तेच सांगायला मी मालनकडे गेले. तिने नकारार्थी मान हलवली.

"नुसतं पॅकिंग नाही हो, बाई. मनगटापर्यंत हात आला होता बाहेर."

परतताना शेडवर जाऊन मी ती फट पुन्हा मोजली...

तीनच.