तीन वाक्यांचं उद्धट पत्र

"पाच वाजेपर्यंत राजीनामा दे, नाहीतर काढून टाकतो, असं म्हणालेत साहेब!" बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ग्राहकांची पत्रं त्या सांभाळत. घरात दोन मुलं, आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच.

गुप्तहेर भाऊजींनी त्यांच्या हातातला कागद घेतला. त्यांना भाऊजी म्हणायचा तो त्यांचा मेहुणा. बहिणीच्या शब्दाखातर इथे चिकटलेला. डोकावण्यात पटाईत, उमजण्यात कच्चा. आताही तो मागून डोकावलाच.

ईमेलची छापील प्रत होती. वर 'जावक क्रमांक २१४', तारीख, आणि खाली तीन वाक्यं: 'यू शाउट टू मच. वेट युअर टर्न. वुई आर नॉट युअर सर्व्हंट्स.'

"आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलच्या मॅनेजरला साडेअकराला गेलं, माझ्या कॉम्प्युटरवरून. तेव्हा मी दाढ काढून घेत होते. पण वाक्यं माझ्याच वहीतली! साहेब म्हणतात, कुणाकरवी तरी पाठवलंस."

"लिहिलीत कशाला?"

"ऑफिसच्या इंग्रजीचा वर्ग लावलाय. तिथे शिकवतात, आधी मनातलं लिहून मोकळं व्हा, मग समोरच्या पानावर तेच सभ्य शब्दांत लिहा."

तिघं बाईंच्या कचेरीत पोचले, तेव्हा वही त्यांच्या टेबलावर उघडीच होती. डाव्या पानावर तीच वाक्यं, निळ्या शाईत, ठसठशीत. उजव्या पानावर पेन्सिलीत 'वुई अंडरस्टँड युअर कन्सर्न. काइंडली बेअर विथ अस.' खोडून खोडून कागद फाटायला आला होता.

"राग एका दमात लिहून होतो हो. सभ्यपणाला खोडरबर लागतं," बाई ओशाळून म्हणाल्या.

पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली, आणि ते अख्ख्या मजल्याला ठाऊक.

शेजारच्या टेबलावरची सहकारी फणकारली, "त्यांची खुर्ची मला हवीय, लपवत नाही. पण अकरा ते बारा मी मेकॅनिकबरोबर बाहेर होते."

साहेब म्हणाले, "हॉटेलचे तीन फोन आले. उत्तर निघतंय म्हणून मी ओरडून सांगितलं, आणि निघालं ते हे!"

कोपऱ्यातले जावक कारकून शिक्का मारता मारता थांबले. "उद्धट पत्र? छे! तीस वर्षांत असलं काही माझ्या हातून गेलं नाही. आणि ती पोर फार गुणी आहे हो."

मेहुणा कुजबुजला, "भाऊजी, खुर्चीवालीच!"

"तू चहा सांग," भाऊजी म्हणाले आणि सगळ्यांकडे वळले. "ईमेलवर जावक क्रमांक कोण घालतं?"

"कुणीच नाही," सहकारी म्हणाली.

"पण या ईमेलवर आहे. तुमच्या नजरेला तो इतका सवयीचा, की कुणाला खटकला नाही. काका, दोनशे चौदा कुठलं?"

कारकुनांनी नोंदवही पाहिली. "बाईंचंच, हॉटेलचं. साहेब ओरडत होते, म्हटलं पोरीवर ठपका नको. वहीतलं एकेक अक्षर बघून तिच्याच कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि पाठवलं. पण ते उद्धट कुठंय?"

"हे छापलेलं पत्र तुम्हाला कुणी दाखवलं का?"

"नाही. आणि दाखवून काय, इंग्रजी मला येत नाही, अर्थाच्या वाटेला मी जात नाही."

"मग दोन पानांतलं हेच का उचललंत?"

"दुसरं पेन्सिलीतलं होतं ना! या टेबलावर पेन्सिल म्हणजे कच्चं, शाई म्हणजे पक्कं."

मेहुण्याच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. नोकरीतल्या पहिल्या पत्रापासून ज्या काकांनी शाईच पक्की मानली, त्यांनी इथेही तेच केलं होतं.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच..."

बाई धावत त्यांच्याजवळ गेल्या. "काका, रडू नका! माझ्यासाठीच केलंत ना?" आणि स्वतःच रडू लागल्या, हसता हसता. सुटल्याचं समाधान दाढेच्या सुजेतूनही दिसत होतं.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "हॉटेलला मी फोन करतो. पण तुमचं... म्हणजे... सॉरीच्या वरचा शब्द कोणता असतो हो?"

बाईंनी डोळे पुसले.

"मराठीत म्हणा साहेब. सगळ्यांसमोर म्हणा, म्हणजे झालं."

साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी म्हटलं.