जुना की नवा

मीठमसाला लावून सांगत नाहीये. माझा मामा थापा मारतो, नाही असं नाही. पण त्या फक्त मामीला, उशिरा घरी आल्यावर. हे मला सांगताना त्याच्या पुढ्यातला चहा गार होत होता आणि त्याचं कपाकडे लक्षही नव्हतं. म्हणून मी विश्वास ठेवला.

जागा त्याच्याच दुकानाची. लाँड्री आणि चावीवाला यांच्यामधला एक अरुंद गाळा. वेळ भर दुपारची. बाहेर गाड्यांचा गोंगाट, लख्ख ऊन.

मामा गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प दुरुस्त करतो. त्यातही हाय-गेनवाले, म्हणजे तारेला नुसतं बोट लागलं तरी गुरगुरणारे. मामाकडे कान होते. हात होते ते त्याच्या भागीदाराकडे. भागीदाराला सगळे लंबू म्हणायचे, कारण तो मामाच्या खांद्यालाही लागत नव्हता.

दोन अ‍ॅम्पची तुलना करायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. मामा पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचा. मागे लंबू गिटार वाजवायचा आणि पायाने स्विच दाबून कधी या अ‍ॅम्पवर, कधी त्या अ‍ॅम्पवर जायचा. मामाने न बघता ओळखायचं. चुकला तर लंबू बोलायचा नाही. नुसता पुन्हा स्विच दाबायचा.

टक.

उत्तर बरोबर आलं की खेळ संपला. शटर खाली आणि लंबू थेट घरी.

तो लंबू गेला. झोपेतच गेला. तेव्हापासून मामा एकटा दुकान ओढत होता. सकाळी शटर वर करतानाच त्याला वाटायचं, आता पुरे.

अशात वहिनी आल्या, लंबूची बायको. सोबत लेक आणि टेम्पोत दोन अ‍ॅम्प. एक लंबूचा, वर्षानुवर्षं वाजवलेला. दुसरा त्याच मॉडेलचा नवा अवतार. लंबूनेच मागवलेला, पण घरी पोचला तो लंबू गेल्यावर.

"भावजी, एकच ठेवणार आहे मी," वहिनी म्हणाल्या. "नवा तसाच वाजत असेल तर जुना घेऊन जा कुठेतरी."

"आई, बाबांचा आवाज जुन्यातच आहे," लेक म्हणाली. ती नोकरी सांभाळून बँडमध्ये वाजवते. "काका, तुमचा कान म्हणेल ते मला मान्य. पण खरं सांगायचं."

लेक टेम्पोवाल्याकडे गेली तशा वहिनी जवळ आल्या. डोळे खोल गेलेले.

"बंद असला तरी गुणगुणतो हो तो जुना. मी अंथरुणावर पडले की सुरू होतो. किती दिवसांत डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या."

मामाला वाटलं, माणूस गेलं की असं होतं. तो म्हणाला, "संध्याकाळी या. सांगतो."

लेकीने वाजवलेला एक तुकडा त्याच्या लॅपटॉपवर होता. मामाने तो दोन्ही अ‍ॅम्पना जोडला. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा. मग दोन्हींचे दिवे लावले, भिंतीकडे तोंड करून बसला, पाय स्विचवर ठेवला. डोळे मिटून स्विच भराभरा दाबत सुटला, म्हणजे कुठला चालू आहे ते आपलं आपल्यालाच कळू नये.

एक आवाज रेखीव. सूर थांबला की एकदम शांतता. हा नवा.

टक.

दुसरा जाडाभरडा, घोगरा. सूर थांबला तरी मागे गुणगुण उरणारा. हा जुना.

आणि त्या गुणगुणीच्या शेवटी...

थप.

तारांवर तळहात ठेवल्याचा आवाज. लंबूची सवय. वाजवून झालं की तो गिटारला असं थोपटायचा.

लेकीने बापाची सवय उचलली, मामाला वाटलं. तो ऐकतच राहिला. किती दिवसांनी कुणीतरी आपल्या पाठीमागे बसून वाजवतंय, असं वाटत होतं.

मग पायात गोळा आला, म्हणून त्याने पाय उचलून मांडीवर घेतला.

टक... टक.

दोनदा. म्हणजे फिरून आवाज तोच, ऐकणाऱ्याला चकवायला. लंबूची जुनी चलाखी.

"लंब्या, लबाडी नको हं," मामा हसत म्हणून गेला.

आणि मग त्याचा पाय त्याच्याच हातात राहिला.

तो वळला. मागे कुणी नव्हतं. लंबूची खुर्ची रिकामी होती. दोन्ही अ‍ॅम्पचे लाल दिवे चालू होते. आणि टेबलावर, फडक्यावर ओळीने मांडलेले...

जुन्याचे व्हॉल्व्ह.

त्यानेच काढले होते, जेवणाआधी, तपासायला. थकलेल्या डोक्याने परत बसवायचे विसरला होता. दिवा लागला म्हणून संशयही आला नाही. त्या काचेच्या नळ्यांशिवाय तो अ‍ॅम्प म्हणजे नुसता खोका. त्यातून साधी खरखरसुद्धा येणं शक्य नाही.

मामाने लॅपटॉप बंद केला. तुकडा थांबला.

जुना गुणगुणतच राहिला.

त्याने भिंतीतला प्लग उपटला. दिवा विझला.

गुणगुण चालूच...

मग थप. आणि शांतता.

मायलेकी आल्या तेव्हा त्याने व्हॉल्व्ह बसवून ठेवले होते. दोघींना दोन्ही अ‍ॅम्प ऐकवले. थप कुठेच नव्हतं. लेकीच्या वाजवण्यात ते नव्हतंच कधी.

"सांगा काका. जुना की नवा?"

मामाने वहिनींकडे पाहिलं. त्या उभ्या उभ्या डुलकी घेत होत्या, एक हात भिंतीला टेकवून.

"नवा," तो म्हणाला. "तुझ्या बाबाचा आवाज यात तसाच्या तसा येतो."

लेकीला ते पटलं नाही, पण शब्द दिला होता. ती नवा अ‍ॅम्प उचलून निघून गेली. ती अजून मामाशी धड बोलत नाही.

वहिनींचा मात्र दुसऱ्या दिवशी फोन आला. "भावजी, झोपले मी. सकाळ झालेली कळलीच नाही."

जुना दुकानातच आहे. व्हॉल्व्ह काढलेले, वायर गुंडाळलेली. मामा काम करायला भिंतीकडे वळला की मागून येतं...

टक.

तो गप्प बसतो. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

"अरे, मग विकून टाक ना," मी म्हटलं. "नाहीतर खरं उत्तर दे एकदाचं. 'जुना' म्हण आणि मोकळा हो."

मामाने गार चहाचा कप बाजूला सारला. डोळे चोळले.

"रोज ओठांवर येतं रे. पण उत्तर बरोबर आलं की तो उठून घरी जाणार. आणि घरी वहिनी झोपलेल्या असतात."