काट्याच्या वळणावरचा गेस्ट

साल सतरा की अठरा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा स्वतःवरच विश्वास बसला नाही. रात्र मात्र पक्की आहे. भोगीची, संक्रांतीच्या आदली. अर्जुनाच्या डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, एवढं त्यानं नक्की सांगितलं होतं. बाकीच्यात त्याचं किती आणि इतक्या वर्षांत माझं मिसळलेलं किती, याची हल्ली शंका येते. पण आपली जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, रात्र लांबलचक उरते, आणि तुम्ही काही झोपत नाही. ब्राह्मी, गच्चीचं दार ओढून घे, वारं येतंय. अतिशय, तो मोबाइल खाली ठेव जरा. गोष्ट त्याच्यावरचीच आहे.

अर्जुना मूळचा कोरेगावचा. हंगामात ट्रॅक्टर घेऊन इकडं यायचा. त्या वर्षी इस्लामपूरकडच्या आपल्या रानातला ऊस तोच कारखान्यावर नेत होता. शांत माणूस, बोलणं कमी. त्या संध्याकाळी दोन ट्रॉल्या भरून तो निघाला आणि कारखान्याच्या आवारात रांगेला लागला. पुढं काटा, म्हणजे ऊस गाडीसकट वजन करायची जागा. तोडलेला ऊस वाळत चाललेला. नंबर कधी लागेल, कुणी सांगू शकत नव्हतं. रांग चार पावलं सरकायची आणि पुन्हा तासभर थांबायची. अर्जुनाची ती ओळीनं चौथी रात्र होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, मान आपोआप खाली जायची.

त्याच्या मागं हरिबा होता. वाळव्याचा, वयानं मोठा, तोंडानं मोकळा.

"अर्जुना, झोप आली तर वर उसावर जाऊन झोप रं. किल्ली तशीच ऱ्हाऊ दे. रांग हालली की तुजा ट्रॅक्टर मी पुढं घीन."

रांगेतली ही रीतच होती. पुढचा झोपला तर मागचा माणूस त्याची गाडी पुढं न्यायचा, मग परत येऊन आपली. कुणी कुणाला उठवायचं नाही. आज तुझी झोप, उद्या माझी. फक्त एक गोष्ट करायची नाही. ट्रॉलीखाली झोपायचं नाही. खाली ऊब असते, वारं लागत नाही, म्हणून नवखा माणूस तिथंच जातो. आणि मागच्याला वाटतं, हा वर उसावर आहे.

"न्हाई मामा, झोपत न्हाई. खेळतो."

"काय खेळतुयास?"

"हॉकी."

"अंगठ्यानं? आमच्या वक्ताला काठी लागायची हॉकीला."

"बर्फावरची हाय ही."

"बर्फ? भोगीच्या थंडीत? लय शाणा हायस गड्या. खेळ, खेळ." हरिबा हसत हसत आपल्या सीटवर गेला आणि डोक्यावरून घोंगडं घेतलं.

खेळ मी नंतर भाच्याच्या मोबाइलवर खेळून पाहिला. साठ सेकंदांचा डाव. तीन-तीन खेळाडू, शिवाय गोली, म्हणजे गोल राखणारा. चेंडूऐवजी चकती. पंच नाही, शिट्टी नाही. ढकला, पाडा, चकती हिसकावा, मारा. अंगठे थांबले की गोल झालाच. एका डावात मला धाप लागली. झोप उडवायला याहून चांगलं औषध नाही. इंटरनेटही लागत नाही. जवळ दुसरा मोबाइल असला की दोघांना समोरासमोर खेळता येतं. जवळ म्हणजे अगदी दहा-वीस पावलांत.

अर्जुनानं कानात इअरफोन घातले आणि मोबाइलशीच खेळायला लागला. दोन-तीन डाव झाले. मग पडद्यावर आलं की जवळ एक खेळाडू आहे. नाव, गेस्ट.

त्याला बरं वाटलं. म्हणजे जागा असलेला तो एकटाच नव्हता. त्यानं निळा संघ गेस्टला दिला, लाल स्वतःकडं घेतला.

पहिला डाव गेस्टनं जिंकला. दुसराही. गेस्टचे अंगठे भयंकर चपळ होते. चकती अर्जुनाच्या काठीला लागायच्या आधीच तिथून गेलेली असायची. अर्जुना जिद्दीला पेटला.

"कोण हाय रं?" त्यानं हाक मारली.

पुढचा ड्रायव्हर घोरत होता. मागं हरिबाचं घोंगडं. रांगेत कुठंही मोबाइलचा उजेड नव्हता...

तिसऱ्या डावात जोडणी तुटायला लागली. पडदा गोठायचा, पुन्हा चालायचा. अर्जुनानं मोबाइल उंच धरला, तर पार तुटली. खाली धरला, तर सुधारली. तो सीटवरून उतरला. आणखी सुधारली. ट्रॉलीच्या कडेला उकिडवा बसला. आता खेळ लोण्यासारखा चालला होता, पण मध्येच एक झटका बसायचा आणि तेवढ्यात गेस्ट गोल करायचा.

तो वाकला... ट्रॉलीखाली हात घातला.

झटका थांबला.

चार रात्रींचा शीण. बाहेर बोचरं वारं, आत ऊब. ट्रॉलीखाली झोपायचं नाही, ही रीत त्याच्या मनात येऊन गेली, असं तो म्हणायचा. पण डाव बरोबरीत होता. एवढा एक संपवू, मग बाहेर. तो पाय ट्रॅक्टरकडं करून उताणा सरकला, डोकं मागच्या चाकाकडं. मोबाइल तोंडावर धरला. घोंगडं वर सीटवरच राहिलं.

तीन-तीन.

मग चार-चार.

इअरफोनमधून काठ्यांचे आवाज येत होते. आणि त्यामागं आणखी एक आवाज. टिक... टिक, टिक... काचेवर अंगठा पडल्यासारखा. त्यानं आपले अंगठे थांबवले.

आवाज थांबला नाही.

डाव्या बाजूनं येत होता. अगदी कानाशी.

त्यानं मान वळवली नाही. वळवता आली नाही, असं म्हणायचा.

तेवढ्यात अंगाखालची जमीन थरथरली. रांग हालली होती. हरिबा वर चढल्याचा आवाज झाला असणार, पण कानात इअरफोन. वर सीटवर घोंगडं होतं. हरिबानं रीतीप्रमाणं घोंगडं बाजूला सारलं, माणूस उसावर झोपलाय असं धरलं आणि किल्ली फिरवली.

ट्रॉलीला हिसका बसला.

आणि गाडी सरळ नव्हती जायची. तिथंच काट्याकडं उजवं वळण होतं.

उजवीकडं काट्याचा दिवा होता. मोकळं, लख्ख. डावीकडं अंधार, बांध, गवत. अर्जुनाचं अंग उजवीकडं झुकलंसुद्धा होतं...

पडद्यावर निळ्या खेळाडूंनी चकती सोडली.

तिघंही डावीकडं धावले. मैदानाच्या डाव्या फळीला जाऊन चिकटले. मग गोलीही गोल सोडून त्यांच्यामागं गेला. त्या खेळात गोलीला कुणी चालवू शकत नाही. त्याला गोल सोडताच येत नाही. चौघं डाव्या कडेला आपटत राहिले... आपटत राहिले...

अर्जुनानं विचार केला नाही. मोबाइल हातातून सुटला. तो डावीकडं लोळला. एकदा. दोनदा. बांधाला थडकला.

ट्रॉली वळली. मागचं चाक उजवीकडं कापत, तो लोळणार होता त्याच वाटेवरून गेलं. मोबाइलचा चुरा झाला.

"मामा!" एवढंच तो ओरडला.

हरिबा उतरून आला. आधी शिव्या दिल्या, मग त्याच्याच गळ्यात पडून रडला. "मी मारलं असतं रं तुला... मी... माज्या हातानं..." शेवटी अर्जुनानंच त्याला धरून बसवलं.

मग अर्जुना उठला आणि बॅटरी घेऊन बांधाकडं गेला. सगळं गवत दवानं भिजलेलं. तो जिथं थडकला तिथं चेंगरलेलं. आणि त्याच्या पलीकडं, हातभर अंतरावर, एक जागा कोरडी. माणसाच्या लांबीची. त्यानं तळवा टेकवला.

कोमट होती.

"आजोबा, मग गेस्ट कोण? तो त्याला खाली ओढत होता की वाचवत होता?" ब्राह्मीनं विचारलं.

जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, बाळ, पण हे त्यात बसत नाही. त्यानं खाली बोलावलं हे खरं, आणि त्यानंच बाहेर काढलं हेही खरं. दोन्ही एकाच माणसानं का करावं, याचा विचार करकरून थकलो. अर्जुनानं त्यानंतर ट्रॅक्टर सोडला. रात्री झोपतो म्हणाला, पण दिवा लावून.

पुढं काही वर्षांनी इथंच, आपल्या विश्रामबागेत, एका लग्नात त्या कारखान्याचा निवृत्त पहारेकरी पंगतीत शेजारी बसला. मी अर्जुनाचं नाव काढलं नाही. डावं-उजवं तर मुळीच सुचवलं नाही, एवढी मला स्वतःबद्दल खात्री आहे. फक्त विचारलं, काट्याच्या वळणावर कधी कुणी दगावलं होतं का?

"व्हय की," तो म्हणाला. "निपाणीकडचा एक पोरगा. ट्रॉलीखाली झोपला हुता. ट्रॅक्टर सुरू झाला तशी जाग आली त्येला. निसटला पण असता, सर..."

त्यानं घास खाली ठेवला.

"पण उजेड बघून उजवीकडं लोळला."