न घासलेला तांब्या

"ताई, खायची हाय, का नुसती बघायची?"

प्रियदर्शनीनं मान वर केली नाही. गेली दहा मिनिटं ती टेम्पोच्या मागच्या फळीशी उभी राहून एकेक मोसंबी उन्हात फिरवत होती. दाबत नव्हती, हुंगत नव्हती, भाव तर विचारलाच नव्हता. पहाटे साडेपाचपासून ती पायांवर होती. आठवड्यानं आलेलं नळाचं पाणी, लेकीचा, मनूचा डबा, सासूबाईंची बीपीची गोळी... आणि आता बालवाडी सुटायला दीड तास उरलेला.

"बघायची," ती म्हणाली.

टेम्पोवाला हसला. उन्हानं रापलेला, तिशी ओलांडलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस. तिनं मागणी सांगितली तेव्हा तर तो फळीला टेकलाच. तीन मोसंब्या हव्या होत्या. देठ आणि पान लागलेल्या, पिवळ्याकडं झुकलेल्या हिरव्या, एकीवर तरी ओरखडा पाहिजे. आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा अशाच तीन, त्याच्या पुढच्याही. तेलरंगाचं चित्र महिना-दीड महिना चालतं, फळ आठ दिवसांत सुकतं, हे तिनं थकलेल्या आवाजात समजावलं.

"म्हंजे तीच मोसंबी दर हप्त्याला नवी पाहिजे." त्यानं जरा विचार केला. "आमची झाडं कुणाचं ऐकत न्हाईत, मॅडम. पण बोलून बघतो."

ताईची मॅडम नेमकी कधी झाली, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते आलं तिच्या सासूच्या, पुष्पाबाईंच्या... पण तो भाग नंतरचा.

त्याचं नाव कल्याण. कुंभार पिंपळगावात चार एकर मोसंबी. दर शुक्रवारी माल घेऊन जालन्याच्या मोंढ्यात यायचा आणि परतताना मस्तगडच्या अरुंद गल्लीत टेम्पो घालून तिच्या दारी तीन फळं द्यायचा. पहिल्या शुक्रवारी त्यानं ती दारातच दिली. पाना-देठासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. पुष्पाबाईंनी फळं बघितली, माणूस बघितला आणि चहा टाकला.

चित्र समोरच्या खोलीत होतं. खिडकीतून चांगला उजेड यायचा तो फक्त दहा ते बारा. तेवढ्यात मनू बालवाडीत असायची. दुपारी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेची मुलं ड्रॉइंग शिकायला यायची, त्या फीवर घर चालायचं. मधले दोन तास प्रियदर्शनीचे. सुमितला, तिच्या नवऱ्याला, रस्त्यावरच्या अपघातात जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत तिनं एकही कॅनव्हास ताणला नव्हता. या दिवाळीआधी कपाट आवरताना जुने ब्रश सापडले, अजून मऊ होते. बस, एवढंच कारण.

टेबलावर निळं पातळ टाकलेलं. त्यावर तीन मोसंब्या, फुलदाणीत पिवळी शेवंती आणि मागं एक तांब्या.

"हा स्टीलचा हाय," दुसऱ्या शुक्रवारी कल्याण म्हणाला. चहाचा कप हातात घेऊन तो दाराजवळच्या खुर्चीत बसला होता.

तिला ते माहीत होतंच. चित्रात चांदी हवी होती. घरातली होती ती सुमितच्या दवाखान्यात गेली, हे तिनं सांगितलं नाही. नुसतं, "चालतं स्टील," म्हणाली.

तिसऱ्या शुक्रवारी त्यानं टॉवेलात बांधून एक तांब्या आणला. चांदीचा, जड, त्याच्या आईच्या माहेरचा. वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून काळवंडलेला. शाळेच्या मॅडमला चित्रासाठी पाहिजे म्हणून मागून आणलाय, म्हणाला. प्रियदर्शनी कुठल्या शाळेत नव्हती, पण तिनं दुरुस्ती केली नाही. तांब्या दोन्ही हातांत धरून ती खिडकीशी गेली आणि उजेडात फिरवू लागली.

"काळा पडलाय," तो अवघडून म्हणाला. "चिंच लावून आणला असता, पण..."

"नको," ती म्हणाली. "बरं झालं नाही घासला ते."

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज कधी नव्हे तो हलका झाला. चांदीला स्वतःचा रंगच नसतो. शेजारी मोसंबी ठेवली की पिवळी, पातळ ठेवलं की निळी. घासलेली चांदी आरशासारखी सगळंच दाखवते, डोळ्याला टोचते. काळवंडलेली मात्र थोडं दाखवते, थोडं पोटात ठेवते. तपकिरी, जांभळा, धुरकट निळा... काढत बसावं असे रंग.

"न पांढरा?"

"पांढरा शेवटी. सुईच्या टोकाएवढा. तो ठिपका दिला की चित्र संपलं."

"मंग देऊच नका लवकर," असं म्हणून कल्याणनं चहा संपवला. तिचे कान उगाच गरम झाले.

चौथ्या शुक्रवारी भुरभुर पाऊस होता, अवेळीचा. मनूला खोकला म्हणून ती घरीच होती. प्रियदर्शनीचा हात कॅनव्हासवर आणि कान मधल्या खोलीत. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली मनूच्या हाती लागू नये म्हणून कपाटाच्या पार वर ठेवलेली, तरी दर दोन मिनिटांनी तिची नजर तिकडं जायची. कल्याण खुर्चीत बसला होता, पाऊस थांबायची वाट बघत. पाऊस तसा केव्हाच थांबला होता.

त्यानं एक मोसंबी उचलायला हात पुढं केला तशी मनू दारातून धावत आली. हात लावायचा नाही, तिनं बजावलं, ती खायची नाहीये, बघायची आहे. घरात महिनाभर हाच कायदा चालू होता. कल्याणनं कान धरले. मनूनं माफी दिली आणि खोकत खोकत परत गेली.

"मी हाललो तर चित्र बिघडंल का?" त्यानं हळूच विचारलं.

"तुम्ही चित्रात नाही."

"बराबर हाय. आपण फळवाले."

ती हसली. खोटं बोलली होती म्हणूनही हसली असेल. तांब्याच्या फुगीर पोटात सगळी खोली वाकून उतरली होती. खिडकी, मोसंब्यांचे तीन पिवळे डाग... आणि कडेला, दाराजवळ, खुर्चीतली एक तपकिरी सावली. दिसतं ते काढायचं, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. तिनं दिसलं ते काढलं होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिनं कपाटातला बरा ड्रेस बाहेर काढला, मग स्वतःवरच चिडून परत ठेवला. बत्तीस वर्षांची बाई, एक लेकरू, एक सासू. डोळ्यांखाली काळं. कुणासाठी?

कल्याण आला, पण खुर्चीत बसला नाही. फळं ठेवली आणि उभाच राहिला.

"तांब्या दोन दिवस पाहिजे होता," तो म्हणाला. "रविवारी पाहुणे येऊन राह्यले. मंठ्याचे. पोरीचा बाप न चुलते, घर बघायला. माय म्हणली पाणी चांदीच्या तांब्यात द्यायचं."

मग इकडंतिकडं बघत त्यानं बाकीचं सांगितलं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही. सहा वर्षांत हे पहिलेच पाहुणे आपण होऊन येत होते. माय तीन दिवस घर सारवून राह्यली. सांगून झालं तरी तो जागचा हलला नाही. वाट बघत असल्यासारखा.

प्रियदर्शनीला खूप काही म्हणायचं होतं. जाऊ नका. बसवू नका त्यांना. पण आत खोकल्यानं अजून घरीच असलेली मनू कुणाशी तरी भांडत होती, बहुतेक बाहुलीशी. स्वयंपाकघरात पुष्पाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. या घराच्या तीन भिंती म्हणजे त्या तिघी. एक भिंत बोटभर जरी हलली तरी...

तिनं तांब्या टॉवेलात बांधला आणि त्याच्या हातात दिला.

"घासू नका," ती म्हणाली.

"काय?"

"तांब्या. घासू नका. काळेपण गेलं तर रंग जुळणार नाहीत."

त्यानं गाठोडं काखेत धरलं. "एवढंच?"

"एवढंच."

टेम्पो गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ती खिडकीशी उभी होती. मग ब्रश धुतले. धुतलेले पुन्हा धुतले.

रविवार संपता संपेना. मनूनं तीनदा पाणी सांडलं, दोनदा पडली. प्रियदर्शनीला रागवायचंही बळ नव्हतं. पुष्पाबाई ओट्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. मान खाली घालूनच त्या म्हणाल्या,

"तो पोरगा मला मावशी म्हणतो. समोरच्या सूनबाईला ताई म्हणतो. सगळ्या गल्लीला ताई म्हणतो."

प्रियदर्शनीनं सांडलेलं पाणी पुसायला फडकं घेतलं.

"तुलाच तेवढं मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशीच ध्यानात आल्तं माझ्या."

लसणाची साल उडून गेली.

सोमवारी अकराच्या सुमाराला दार वाजलं. शुक्रवार नव्हता, मोंढ्याचं काम नव्हतं, टेम्पोसुद्धा नव्हता. कल्याण बसनं आला होता. हातात टॉवेलाचं गाठोडं. त्यानं ते टेबलावर सोडलं.

तांब्या तसाच होता. काळा, धुरकट, पोटात जांभळा.

"पाहुणे आले नाहीत?" तिनं विचारलं.

आले होते. त्यानं सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात हसू होतं आणि दमणूकही. सकाळी माय चिंच भिजवून बसली होती, त्यानं तांब्या मांडीवर घेतला तो सोडलाच नाही. मायला वाटलं पोराला वारं लागलं. शेवटी त्याच काळ्या तांब्यात पाणी गेलं. मुलीच्या चुलत्यानं तांब्या फिरवून फिरवून बघितला आणि हा चांदीचाच ना, म्हणून विचारलं. ज्या घरात सोयरिकीच्या दिवशी भांडं घासायला हात नाहीत, त्या घरात पोरीला काय काम पडेल याचा हिशेब त्यानं तिथंच केला असावा. पोहे तसेच राहिले. दहा मिनिटांत मंडळी उठली. माय कालपासून त्याच्याशी बोलत नव्हती.

"तुम्ही वेडे आहात का?" प्रियदर्शनी म्हणाली. "सहा वर्षांनी आलेले पाहुणे..."

"तुम्ही म्हणल्या घासू नका."

"मी चित्रासाठी म्हणाले."

"चित्रासाठीच?"

खिडकीतला उजेड टेबलावर सरकत होता. बारा वाजायला तास उरला होता... आणि किती दिवसांनी तिला घड्याळ नकोसं झालं. तिनं बाजूला सरून त्याला कॅनव्हाससमोर जागा करून दिली.

तो वाकून बघत राहिला. मोसंब्या बघितल्या, ओरखडा ओळखला. मग तांब्याच्या पोटाजवळ बोट नेलं, ओला रंग म्हणून हवेतच थांबवलं.

"हा डाग कसला?"

"तुम्ही," ती म्हणाली.

तो वळला नाही. त्याची पाठ मात्र स्तब्ध झाली.

"तुम्ही तिथं बसता ना. तांब्यात दिसता. दोन दिवस इथं तांब्या नव्हता आणि... दुसरं काहीही काढता येईना." तिनं श्वास घेतला. आता थांबली तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "पण ऐका. मला मुलगी आहे. सासूबाईंना मी सोडणार नाही. मी सारखी दमलेली असते, सारखी घाबरलेली असते. मूल जरा गप्प झालं तरी घाबरते. हे असलं माणूस..."

"माहीत हाय," कल्याण म्हणाला. "टरपेंटची बाटली कपाटावर ठेवता न दर दोन मिन्टाला वर बघता. त्या पावसाच्या शुक्रवारी तेच तर बघत बसलो. मनात म्हणलं, ह्या खाली बघतील तंवर आपण बाटलीवर ध्यान ठेवू."

कोणी आजवर तिला असं काही म्हटलं नव्हतं. सुंदर म्हटलं होतं, हुशार म्हटलं होतं. तिच्या वाटणीची काळजी मधेच दोन मिनिटं कुणी सांभाळली नव्हती. ती स्टुलावर बसली. बरं वाटलं म्हणून नव्हे, पाय दुखत होते ते आत्ता कळलं म्हणून.

"खुर्चीत बसा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "नेहमीसारखे."

तो बसला. तांब्याच्या पोटात सावली उमटली. तिनं सर्वांत बारीक ब्रश घेतला, टोकावर पांढरा घेतला, डाव्या हातानं मनगट धरलं... आणि तांब्याच्या खांद्यावर एक ठिपका ठेवला. सुईच्या टोकाएवढा.

"झालं का तुझं?" दारातून आवाज आला.

पुष्पाबाई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. एका हातात भिजवलेल्या चिंचेची वाटी, दुसऱ्यात राख. प्रियदर्शनीनं नुसती मान हलवली. पुष्पाबाईंनी टेबलावरचा तांब्या उचलला, दारातच फतकल मारली आणि घासायला लागल्या. अंगठ्याखालून पांढरीशुभ्र चांदी निघत गेली. मधे एकदाच त्यांचा हात थांबला. डोळे पुसले ते राखेनं चुरचुरले म्हणून की काय, हे कुणी विचारलं नाही. मग त्या उठल्या, तांब्या धुतला, पुसला आणि डब्यातली साखर काठोकाठ भरली.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत न्हाईत आमच्याकडं," त्या कल्याणला म्हणाल्या. "न तुझ्या हाती तर मुळीच देणार न्हाई. मायला काय सांगशील तू? मी येते. तिच्याशी मलाच बोलावं लागंल. कुंभार पिंपळगावची बस कितीला असती रे उद्या?"

कल्याणला बसची वेळ आठवेना. आत्ताच त्या बसमधून उतरलेला माणूस, पण आठवेना.

बाराला शेजारची बाई मनूला बालवाडीतून घेऊन आली. मनूनं टेबल बघितलं. तांब्या जागेवर नव्हता, फुलं कोमेजली होती, शुक्रवारच्या तीन मोसंब्या तेवढ्या होत्या, पानं मऊ पडलेली. तिनं एकीवर बोट ठेवलं आणि आईकडं बघितलं.

प्रियदर्शनीनं मोसंबी उचलली. पान खुडून कल्याणच्या हातात दिलं, नखानं साल काढली आणि पहिली फोड मनूच्या तोंडात घातली. दुसरी हातात घेऊन ती जराशी थांबली.

"खायची हाय," खुर्चीतून हलकेच आवाज आला, "का नुसती बघायची?"

"खायची," असं म्हणून तिनं ती फोड त्याच्यापुढं धरली.