टाकीचं विरजण

हे जेवताना वाचू नका. आमच्या घरातही हा विषय जेवताना कोणी काढत नाही.

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलं आहे... भिलाईत, सेक्टर सहाच्या पल्याड, एकसष्टच्या उन्हाळ्यात. तेही भर दुपारी.

कारखाना उभा होत होता. नवे क्वार्टर, घरोघरी फ्लशचे संडास, आणि त्या सगळ्यांचं सांडपाणी साफ करायला देवाजी. भंडाऱ्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा, नोकरीसाठी आलेला. आधी एक खोल टाकी, तिच्यात मैला कुजायचा. मग ते पाणी फिरत्या पाइपातून गोट्यांच्या गोल थरावर शिंपडायचं. गोट्यांवर शेंबडासारखं बुळबुळीत साचायचं, त्यातले जंतू उरलेली घाण खायचे.

शी!

पण टाकी नवी होती. घाण पचेना. नुसता फेस यायचा, अन् असा वास की देवाजीची बायको कांता त्याला न्हाल्याशिवाय घरात घेत नसे. तिला दिवस गेले होते. आधीचं लेकरू पोटातच गेलं होतं, म्हणून देवाजी तिला तळहाताच्या फोडासारखा जपायचा.

भैय्याजी मुकादम म्हणाला, "अबे, विरजण लाव! दह्याले लागते नं, तसंच. रिसालीतून गाडीभर शेण आण."

इतक्या लांब कोण जाईल उन्हात? जवळच कारखान्यासाठी उठवलेल्या गावाचा आटलेला तलाव होता. तळाशी काळा, सडका गाळ. देवाजीनं तोच बैलगाडीत भरला.

काठावर मैनाबाई नावाची म्हातारी बसली होती. गाव उठलं तरी ती तिथून हलली नव्हती.

"झन निकाल, बेटा," गाळ काढू नको म्हणून ती विनवू लागली. "हमर बहू ओमा हवय."

तिची सून त्या तलावात बुडाली होती. पोटुशी. प्रेत मिळालंच नव्हतं.

देवाजीनं गाडी हाकली, गाळ टाकीत ओतला.

आणि टाकीला विरजण लागलं...

फेस बसला. वास गेला. कमी नाही झाला, गेलाच! गोट्यांवरच्या माश्यासुद्धा गेल्या. एकही उरली नाही.

उरला फक्त एक आवाज. टाकीच्या तळातून...

घट... घट... घट...

कोणी तहानलेलं पाणी पिऊन राहिलं असावं, तसा.

एका दुपारी देवाजी जेवायला घरी गेला, तर कांता घरात नाही. चुलीवर भात तसाच. ती सापडली टाकीमागं, जिथं टाकीतला गाळ वाळायला पसरत. मांडी घालून बसली होती. ओठ काळे, दात काळे. वाळलेल्या मैल्याची खपली ती कुरुमकुरुम चावत होती.

बाईला मातीचे डोहाळे लागतात हो. पण ही माती नव्हती!

"कांते! थूक! थूक ते!"

"खाऊ द्या ना वो," ती केविलवाणी म्हणाली. "मले नाही पायजे. हे पोट्टी मागून राहिली."

देवाजी तिथंच भडभडा ओकला.

मग त्याचं डोकंच फिरलं. टाकी रिकामी करतो म्हणाला अन् गाळाचा व्हॉल्व्ह उघडला. भसाभसा काळं बाहेर पडू लागलं...

मागं कांता किंचाळली. पोट धरून लोळत होती. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

त्यानं व्हॉल्व्ह बंद केला.

रक्त थांबलं.

घट... घट...

लेकरू हवं होतं त्याला. टाकी तशीच राहिली. कांता रोज तिथं जायची, आणि तो पाठ फिरवून उभा राहायचा.

मुलगी झाली. धडधाकट. बारशाला मैनाबाई न बोलावता आली. तिनं पोरीची टाळू हुंगली अन् रडायलाच लागली.

"आ गे बहू," म्हणाली. तिची सून परत आली होती.

रिटायर होईपर्यंत देवाजीनं ती टाकी तळापर्यंत कोणाला उपसू दिली नाही.

ती पोर म्हणजे माझी आई.

ती न्हाऊन आली की घरभर गाळाचा वास सुटतो. तिच्या हातचा भात मी श्वास रोखून गिळतो. काय करू, आई आहे माझी.

आता ती जुनी टाकी पाडून नवी बांधणार आहेत. काल ती उपसायला तिथं पंप लावला.

कालपासून आई पोट धरून पडली आहे. डॉक्टरला काही सापडत नाही. मघाशी तिनं माझा हात धरला.

"बाबू, तो पंप बंद करायले सांग नं..."

पंपाचं तिला आम्ही कोणीच सांगितलेलं नाही.