तिसरी खुर्ची

आधीच सांगतो, मला भुताखेतांची आवड नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्र आपोआप चाललं असं कुणी सांगितलं, की मी आधी वायर बघतो आणि मग सांगणाऱ्याचं तोंड बघतो.

तरीही हे लिहितोय, कारण हे घडलंय. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. रविवारची भर दुपार होती आणि बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

आमच्या मधल्या खोलीत एक टेबल आहे. त्यावर माझा कॉम्प्युटर, दोन स्क्रीन आणि विमानाचं खोटं सुकाणू. सुट्टी मिळाली की मी तिथे बसून विमान उडवतो. बायको त्याला ‘तुमचा पाळणा’ म्हणते.

टेबलाच्या मागे भिंतीला लागून बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र. बाबांची फुफ्फुसं थकलीत. नाकातली नळी निघाली की ओठ निळे पडायला लागतात. यंत्रावर एक नॉब आहे आणि काचेची छोटी उभी नळी. हवा चालू असली की त्या काचेत एक गोळी वर तरंगते. गोळी खाली बसली म्हणजे हवा बंद.

एवढं लक्षात ठेवा.

बाबा तरुणपणी विमानात फ्लाइट इंजिनिअर होते. जुन्या मोठ्या विमानांत दोन वैमानिकांच्या मागे एक तिसरी खुर्ची असायची, भिंतीकडे तोंड केलेली. समोर नुसत्या तबकड्या आणि नॉब. इंधन, वीज, आतल्या हवेचा दाब, सगळं तोच माणूस सांभाळायचा. पुढे नवी विमानं आली आणि ती खुर्चीच गेली.

मी माझ्या त्या खेळासाठी, म्हणजे सिम्युलेटरसाठी, बाबांचं ते जुनं विमान विकत घेतलं. ॲड-ऑन म्हणतात त्याला. त्यात एक सोय होती... इंजिनिअरचं काम विमान स्वतःच करायचं. नॉब आपोआप फिरायचे.

बाबांनी ते पाहिलं आणि भडकले.

"माझी खुर्ची रिकामी ठेवून विमान उडवतोस?"

"बाबा, खेळ आहे तो."

"खेळ तुझा असेल, पायलट. सरक तिकडे."

मी ती सोय बंद केली. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं उडायचो. मी पुढचा स्क्रीन बघायचो. बाबा खुर्ची ओढून दुसऱ्या स्क्रीनवरच्या तबकड्या सांभाळायचे. खोकला विसरून माझ्यावर खेकसायचे. इतकं खूश मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही त्यांचं ओरडणं गोड लागायचं.

त्या रविवारी विमान बरंच वर गेलं होतं.

"तू हात लावलास का?" बाबांनी विचारलं.

"कशाला?"

"दाबाच्या नॉबला. मी उजवीकडे ठेवला होता."

नॉब डावीकडे होता. आतली हवा विरळ होत चालली होती. बाबांनी तो पुन्हा उजवीकडे फिरवला. माऊस सोडला. हात मांडीवर ठेवले.

आणि आमच्या दोघांच्या समोर... नॉब सावकाश डावीकडे फिरला.

मी सेटिंग उघडून पाहिलं. आपोआपची सोय बंदच होती. म्हटलं, सेलमध्ये स्वस्तात घेतलेला माल, असाच असायचा.

मग आवाज आला.

टक... टक.

काचेवर नखाने वाजवावं तसा. त्या विमानाचे सगळे आवाज मला पाठ आहेत. हा त्यातला नव्हता.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मास्तर," ते म्हणाले.

मास्तर म्हणजे बाबांना काम शिकवणारे इंजिनिअर. लहानपणापासून त्यांच्या गोष्टी मी ऐकलेल्या. नॉब फिरवला की काटा अडकला नाही ना हे बघायला ते काचेवर नखाने दोनदा वाजवायचे. पुढे डॉक्टरांच्या तपासणीत त्यांची फुफ्फुसं नापास झाली. त्यांच्या खुर्चीवर बाबांना बसवलं. मास्तर उठेनात. शेवटी दोघांनी दंडाला धरून उठवलं. जाताना ते बाबांना म्हणाले होते, "बस. तुलाही असाच उठवीन."

मास्तरांना जाऊन जमाना झाला.

"बाबा, बंद करू या."

"नाही. मी खुर्ची हिसकावली नव्हती. मला दिली होती."

हे ते मला सांगत नव्हते. स्क्रीनकडे बघून बोलत होते.

बाबा नॉब उजवीकडे फिरवायचे. तो डावीकडे जायचा. टक टक. पुन्हा उजवीकडे. पुन्हा टक टक. बाबांचा श्वास वर लागला होता, पण माऊस सोडेनात. मला भीती वाटायच्या आधी संताप आला. माझ्या घरात, माझ्या बापाला छळतो?

मी सरळ प्लग उपटला.

दोन्ही स्क्रीन काळे पडले. खोलीत आता फक्त ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर.

टक... टक.

आता आवाज मागून आला.

मी वळलो. यंत्र चालू होतं. पण काचेतली गोळी... खाली खाली येत होती.

मी झडप घालून नॉब पकडला आणि उघडला. तो माझ्या मुठीत उलटा फिरायला लागला. हात दिसत नव्हता, पण जोर माणसाचा होता. मी अडकलेल्या लिफ्टचे दरवाजे हातांनी ओढतो. त्याच माझ्या हाताचं मनगट वळत होतं.

बाबांचे ओठ निळे पडले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

मी ओरडलो. बायको ओल्या हातांनी धावत आली आणि तिने बाबांना खुर्चीतून ओढून जमिनीवर निजवलं.

त्याच क्षणी नॉब सैल पडला. गोळी वर आली.

बाबा वाचले. यंत्रवाला येऊन म्हणाला, "नॉब ढिला झालाय, साहेब," आणि नवं यंत्र देऊन गेला. मी ते विमान डिलीट केलं, टेबल आवरलं, खुर्ची भंगारात दिली. बाबा आता पलंगावरच असतात. यंत्र उशाशी.

वाटलं, संपलं.

परवा बायको स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, "अहो, काच कशाला वाजवताय? बाबा आत्ताच झोपलेत."

मी न्हाणीघरात होतो. तोंडाला साबण.

तसाच धावलो. गोळी अर्ध्यावर आली होती.

तेव्हापासून एक कळलंय. त्या रविवारसारखा आता तो जोर लावत नाही; नॉबवर कुणाचा तरी हात असला, की गोळी वर राहते. म्हणून यंत्रासमोर स्टूल ठेवलंय. मी कामावरून सुट्टी घेतलीय. डावा हात नॉबवर आणि उजव्या हाताने मोबाईलवर हे लिहितोय.

मघाशी बाबा जागे झाले. माझ्याकडे बराच वेळ बघत होते.

"पायलट," ते म्हणाले, "तिथून ऊठ."

"उठलो तर तुमची हवा जाईल, बाबा."

"कळतंय मला. तरी ऊठ. तू कुठे बसलायस बघ."

मी बघितलं. तोंड भिंतीकडे. समोर काच आणि नॉब. पाठ उघडी.

बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या खांद्यामागे बघत होते.

मी मागे वळलेलो नाही. पण दोन्ही दंडांवर काहीतरी गार लागतंय... आणि मघापासून मला पुरता श्वास घेता येत नाहीये. माझी फुफ्फुसं ठणठणीत आहेत.

बायको आत्ताच दारात येऊन उभी राहिली.

"दमलात तुम्ही," ती म्हणाली. "उठा, मी बसते."

मी ‘नाही’ म्हणालो. ही खुर्ची मी तिला देणार नाही.