इंजिनाखालचा आवाज

त्या दिवशी वारा साफ पडला होता. तूतुकुडीचा समुद्र तेल ओतल्यासारखा निपचित पडलेला, आणि दुपारच्या उकाड्यात सुक्या मासळीचा वास जागचा हलत नव्हता.

पिच्चैमुत्तू म्हाताऱ्याचं दुकान म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. उत्सवांची गाणी तो साफसूफ करून द्यायचा. सगळे त्याला अण्णाच्ची, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. अक्षर त्याला येत नव्हतं. पडद्यावरच्या इक्वलायझरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या, दांड्यांना त्यानं स्वतःच्या मनानं नावं दिली होती. डावीकडं जाडा आवाज, ते पोट; मधे माणसाचा, ते नाक; उजवीकडं सुसाटणारा, ते दात. नको ते कानानं हुडकायचं आणि फिल्टर लावून कापायचं.

समोर सूसैअम्मा बसली होती. तिचा नवरा लूर्दु अकरा दिवस होडीसकट बेपत्ता होता. उद्या चर्चमध्ये त्याच्या मरणाची मिस्सा, मृतासाठीची प्रार्थना, ठरलेली. ती झाली की तिनं गळ्यातली ताली, लग्नाचं मंगळसूत्र, उतरवायची. तिच्यापाशी उरला होता फक्त फोनवर आलेला त्याचा शेवटचा निरोप. धडधडणारं इंजिन, घोंघावता वारा, आणि त्याखाली गाडलेले काही शब्द.

"परत येतो म्हणाले असतील, तर मी ताली उतरवणार नाही. कुणी काही म्हणो," ती म्हणाली. "तेवढं ऐकवा, अण्णाच्ची."

बाहेर वाळूत जाळं सांधत बसलेली शेजारीण पनिमयम ओरडली, "अण्णाच्ची, दुकानात होडी घातलीत काय? सकाळपासून नुसती धडधड!"

"ये, तुलाही होडीत बसवतो!" म्हातारा आतूनच म्हणाला.

त्यानं आधी दात कापले. वारा गेला. मग नाक जरासं उचललं. लूर्दुचा श्वास अगदी कानाशी आला. राहिलं पोट. ती दांडी त्यानं सावकाश खाली ओढली. इंजिन मंदावलं, घरघरलं... आणि बंद पडलं.

त्या शांततेत लूर्दु स्वच्छ बोलला, "इंजिन बंद करू नका."

सूसैअम्मा पुढं सरकली. "कुणाला म्हणतायत?"

"चालू आहे तोवरच ते लांब आहेत..." स्पीकरमधून लूर्दुच म्हणाला. "बंद करू नका, अण्णाच्ची."

म्हाताऱ्यानं चमकून स्पीकरकडं पाहिलं. निरोप तर लूर्दुनं बायकोला धाडला होता.

ठक्.

होडीच्या बुडाला खालून कुणी ठोकावं, तसं. ठक्... ठक्.

त्यानं घाईघाईनं फिल्टर काढला. दांडी वर गेली, पण इंजिन परत आलं नाही. लूर्दुही पुन्हा बोलला नाही. नुसतं ते ठोकणं. शेवटी म्हाताऱ्यानं वायरच उपटली. पडदा काळा झाला.

सूसैअम्मानं ताली मुठीत घट्ट धरली होती. "आमचे हेच आलेत का, अण्णाच्ची?" ती पुटपुटली. "का... दुसरं कुणी?"

खिडकीत पनिमयमचं डोकं आलं.

"बंद केलंत, बरं झालं बाई. डोकं उठलं होतं माझं. पण अण्णाच्ची, हे ठोकणं कसलं हो? मी बसलेय वाळूवर... आणि ते माझ्या खालून येतंय."